दापोलीजवळचे जांभ्याचे घर: एका वास्तुविशारदाच्या सेवेचे परीक्षण

दापोली तालुक्यातील आमच्या मूळ गावी मोडकळीस आलेले जुने घर उतरवून त्याच जागेवर नवे घर बांधण्याचे काम आम्ही पुण्यातील एका वास्तुविशारद बाईंकडे सोपवले होते. घर पूर्ण झाले, त्यावरून पावसाळे गेले, म्हणून आता त्यांच्या सेवेविषयी लिहिणे योग्य वाटते. वास्तुशांतीच्या दिवशी कोणतेही घर देखणेच असते. कोकणातल्या घराची पारख आषाढ-श्रावणात होते, आणि तोवर थांबावे असे मी आधीच ठरवले होते. बाईंचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे प्रशंसेइतक्याच स्पष्टपणे तक्रारीही येणार आहेत. गावी घर बांधू पाहणाऱ्यांना वास्तुविशारदाकडून काय मिळू शकते आणि काय आग्रहाने मागून घ्यावे लागते, हे कळण्यासाठी नावाची गरजही नाही.

आधी निर्वाळा सांगते. रचनेच्या बाबतीत त्यांचे काम उत्कृष्ट आहे, साहित्याच्या निवडीत अतिशय विचारी आहे, बांधकामावरील देखरेखीत मात्र ते अपुरे पडले, आणि विजेच्या कामाकडे जवळजवळ दुर्लक्षच झाले. एकंदरीत आम्ही समाधानी आहोत, आणि पुन्हा घर बांधायचे झाले तर त्यांच्याकडेच जाऊ, परंतु करारनामा वेगळा करू.

आमच्यासारख्या घरांत सौंदर्य आणि सोय यांचा वाद कोठून सुरू होतो, हे त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखले. या घरात दीर, जाऊबाई आणि सासरे बारा महिने राहतात. मी आणि माझे यजमान चाकरमानी, म्हणजे गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरते येणारे. चाकरमान्यांना घरात दगडी भिंती, लाकडी खांब, मोठ्या खिडक्या आणि मोकळी ओटी हवी असते, कारण ते शहरातल्या बंद सदनिकेतून आलेले असतात. जो रोज ते घर झाडतो, कौलांवर चढतो, भिंतीवरचे शेवाळ खरवडतो आणि ओले कपडे कोठे वाळत घालावेत या चिंतेत चार महिने काढतो, त्याच्या मागण्या निराळ्या असतात. बाईंनी आमच्याकडून चित्रे किंवा छायाचित्रे मागितली नाहीत. त्या गावी गेल्या, जुन्या घरात मुक्काम केला, आणि जाऊबाईंशी स्वयंपाकघरात बसून एकटीने बोलल्या. पहाटे आधी कोण उठते, चूल अजून पेटते का, आंब्याच्या पेट्या कोठे भरल्या जातात, रात्री सासऱ्यांना उठावे लागले तर दिवा कोण लावते, पावसात छपरावर चढायची वेळ आली तर चढणार कोण, असे प्रश्न त्यांनी विचारले आणि उत्तरे लिहून घेतली. घराच्या रचनेत ज्याचे कष्ट जास्त त्याचे मत जास्त मोलाचे, हे त्यांनी आम्हा सर्वांसमोर स्वच्छ शब्दांत सांगितले. आम्हा जाऊन-येऊन राहणाऱ्यांना ते त्या वेळी थोडे टोचले, पण पुढची प्रत्येक चर्चा त्यामुळे सोपी झाली.

जुने घर उतरवण्यापूर्वी त्यांनी त्याची मापे घेतली: जोत्याची उंची, पडवीची रुंदी, वळचण जमिनीपासून किती वर आहे, वाशांतले अंतर, दारांची उंची. पडीक घराची मापे घेण्यासाठी शुल्क का द्यावे, असा प्रश्न घरात निघाला होता. पुढे लक्षात आले की त्या मापांमध्ये आमच्या पूर्वजांनी या पावसाशी केलेला सगळा व्यवहार नोंदलेला होता. नव्या घराचे जोते अडीच फूट आणि पुढची वळचण भिंतीपासून साडेतीन फूट बाहेर, हे दोन्ही आकडे जुन्या घरातूनच आले.

सर्वांत मोठी चर्चा चौकावर झाली. पुण्यातले वाडे पाहून वाढलेल्या आमच्या पिढीला घराच्या मध्यभागी उघडा चौक, त्यात तुळशीवृंदावन आणि चारही बाजूंनी ओसरी असे घर हवे होते, आणि कागदावर ते अतिशय सुंदर दिसतही होते. बाईंनी नकार दिला नाही. त्यांनी गणित मांडले. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, दापोलीच्या परिसरात तो सुमारे ३,५०० मिलिमीटर, म्हणजे पाचपट. बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद चौकात एका हंगामात केवळ आभाळातून सरळ पडणारे पाणी सुमारे ४७ हजार लिटर भरते. चारी बाजूंचे उतार चौकाकडे वळवले तर छपराचे पाणी वेगळेच. ते सगळे घराच्या पोटातून बाहेर काढायचे, तेही आंब्याची आणि काजूची पाने अडकणाऱ्या एका मोरीतून, आणि ती मोरी तुंबली की पाणी माजघरात. शिवाय वाऱ्याबरोबर येणारी झड चौकाच्या ओसरीवर कोणालाही बसू देत नाही. आमच्या भागातील साध्या घरांना उघडा चौक का नसतो, खळे घरासमोर आणि पडवी घराभोवती का असते, याचे उत्तर त्या गणितात होते.

त्यापुढे त्यांनी जे केले, त्यासाठी मी त्यांना मनापासून श्रेय देते. चौक नको म्हणून विषय संपवण्याऐवजी चौकातून आम्हाला नेमके काय हवे आहे, हे त्यांनी एकेक करून विचारले. घराच्या मध्यात उजेड हवा होता, उन्हाळ्यात गरम हवा वर निघून जावी असे वाटत होते, आणि सगळ्यांनी एकत्र बसायला एक जागा हवी होती. त्यांनी माजघराचे छप्पर उंच घेतले, आढ्याखाली दोन्ही बाजूंना लाकडी झडपांचे झरोके ठेवले, आणि कौलांमध्ये काचेची कौले बसवली. काचेचे कौल ही कोकणातील जुन्या घरांतली नेहमीची गोष्ट. अंधाऱ्या स्वयंपाकघरात एखाद-दुसरे कौल काचेचे असायचे. बाईंनी ती एका ओळीत मांडली, त्यामुळे दुपारी माजघराच्या जमिनीवर उजेडाची एक पट्टी पडते आणि दिवसभरात ती सरकत जाते. घर पाहायला येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिच्याकडेच पाहतो. जाऊबाईंना तिचे कौतुक वेगळ्या कारणाने आहे: तांदूळ निवडायला दिवसा दिवा लावावा लागत नाही.

छपराविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण सध्या कोकणात घर बांधणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न उभा राहतो. कौले घातली तर माकडे आणि वानरे ती फोडतात. फुटक्या कौलांना कंटाळून गावेच्या गावे पत्र्याकडे वळली आहेत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पत्रा पावसात इतका वाजतो की बोललेले ऐकू येत नाही, एप्रिल-मे महिन्यांत तो तापतो, आणि वादळात उडाला तर अख्खा उडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतही छपरांची आणि बागायतींची प्रचंड हानी झाली. उडालेले पत्रे लांबच्या वाडीत सापडल्याच्या हकिगती आमच्या गावातही आहेत. तिसरा पर्याय म्हणजे काँक्रीटचा उतरता स्लॅब टाकून त्यावर शोभेपुरती कौले चिकटवणे. नव्या बंगल्यांत तो सर्रास दिसतो, आणि मला तो सर्वांत वाईट वाटतो. त्यात कौलांचे काम काहीच उरत नाही, कौलाखाली पाणी साचून राहते, आणि स्लॅब गळू लागला की गळती नेमकी कोठे आहे ते कळत नाही.

बाईंनी पुढील रचना केली. मुख्य सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, त्यावर फळ्या, फळ्यांवर जलरोधक पटल, त्यावर आधी उभ्या आणि मग आडव्या रीपा, आणि सर्वांत वर मंगळुरी कौले. माकडाने कौल फोडले तरी पाणी घरात न येता पटलावरून वाहत वळचणीला येते, आणि फुटलेले कौल पाऊस उघडल्यावर सवडीने बदलता येते. भर पावसात छपरावर चढावे लागू नये, ही जाऊबाईंची अट यात पूर्ण झाली. वळचणीकडच्या ओळींतली कौले तारेने बांधली आहेत आणि आढ्यावरची चुन्या-सिमेंटात बसवली आहेत, कारण वारा आधी कडा उचलतो. खालून पाहणाऱ्याला फळ्यांचे स्वच्छ लाकडी छत दिसते. हे छप्पर साध्या कौलारू छपरापेक्षा बरेच महाग पडले, हे मात्र नोंदवले पाहिजे. कौले घेताना त्याच कारखान्याची दोनशे जास्तीची कौले घेऊन ठेवण्याचा सल्लाही त्यांनी दिला, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत. घरामागे रचून ठेवलेल्या त्या कौलांची उपयुक्तता आम्हाला पहिल्याच वर्षी पटली.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. मंगळुरी कौलांना आपण पूर्वापार परंपरा समजतो, पण बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. त्यापूर्वी कोकणात नळीची कौले आणि गवताची शाकार होती. म्हणजे आपल्या आजे-पणज्यांनीही त्यांच्या काळातले नवे साहित्य उपयोगाचे म्हणूनच स्वीकारले, आणि ते देखणे वाटू लागले ते पुढे सवयीने. पारंपरिक दिसावे म्हणून काही करू नका, असे बाईंनी आम्हाला वारंवार सांगितले, ते मला या इतिहासामुळे अधिक पटते.

भिंती जांभ्याच्या आहेत. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर राहिला की कठीण होत जातो, म्हणून चिरे घडवायला सोपे आणि भिंत टिकायला चांगली. पण हा दगड सच्छिद्र आहे, पाणी पितो, आणि गिलावा न करता उघडा ठेवला तर पश्चिमेच्या झडीने भिंत आतपर्यंत ओली होते. आम्हाला चारही भिंती उघड्या जांभ्याच्या हव्या होत्या. बाईंनी पूर्वेची आणि उत्तरेची भिंत उघडी ठेवली, दक्षिणेच्या भिंतीला पडवीचे पांघरूण दिले, आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून गिलावा करून वर फिकट रंगाऐवजी मातकट रंग द्यायला लावला. पांढऱ्या भिंतीवर शेवाळ उठून दिसते आणि दर दिवाळीला रंग काढावा लागतो. मातकट भिंतीवर तेच शेवाळ खपून जाते. उघड्या भिंतींवर पाणी न शोषू देणारा पारदर्शक लेप दर काही वर्षांनी द्यावा लागेल, हेही त्यांनी आधीच लेखी कळवले होते. सुंदर गोष्ट सांभाळायला काय पडेल, ते बांधण्यापूर्वीच सांगणारा वास्तुविशारद मिळणे हे भाग्यच.

पागोळ्यांचा निर्णय मला फार आवडला. घराच्या पुढच्या बाजूला पन्हळ नाही. पन्हळ पानांनी तुंबतो, तो साफ करायला शिडी लागते, आणि समोरून तो दिसतोही वाईट. त्याऐवजी वळचणीखाली जमिनीत नदीतल्या गोट्यांचा पट्टा भरला आहे, त्यावर पागोळ्या पडतात आणि खालच्या चरातून पाणी बागेकडे जाते. गोट्यांमुळे मातीचे शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत. मागच्या बाजूला मात्र पन्हळ आहे, हाताला येईल इतका खाली, आणि त्याचे पाणी गाळून २०,००० लिटरच्या टाकीत घेतले आहे. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आमच्या गावात मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, त्यामुळे या टाकीची किंमत शहरी वाचकाला कळणार नाही इतकी आहे.

खिडक्यांच्या बाबतीत त्यांचे यश आणि अपयश दोन्ही शेजारी शेजारी पाहायला मिळते. आमच्या जागेवरून पश्चिमेला दरी आणि तिच्या पलीकडे समुद्राची रेघ दिसते. साहजिकच त्या बाजूला पूर्ण भिंतभर काच हवी, असा चाकरमान्यांचा आग्रह. मुंबईत कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या आणि १९८३ साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा या इमारतीचा दाखला बाईंनी दिला. तेथेही समुद्र पश्चिमेला, आणि ऊन व पाऊसही तिकडूनच. म्हणून कोरिया यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची कल्पना उंच इमारतीत नेऊन खोल, दुमजली उंचीच्या गच्च्या मध्ये घातल्या आणि राहण्याच्या खोल्या आत घेतल्या. त्याच तत्त्वावर आमची पश्चिमेची पडवी नऊ फूट खोल झाली, आणि मोठी खिडकी तिच्या आत गेली. समुद्र दिसतो, ऊन चार वाजेपर्यंत आत येत नाही, आणि झड खिडकीपर्यंत पोहोचत नाही. इतर खोल्यांना त्यांनी सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या घेऊ दिल्या नाहीत, कारण जोराच्या झडीत त्यांच्या खालच्या खाचेत पाणी भरून आत सांडते; त्याऐवजी बिजागरीच्या लाकडी खिडक्या, आतून जाळी, आणि जांभ्याच्या जाड भिंतीतच खिडकीशी बसता येईल असा कट्टा. सासऱ्यांची दुपार त्या कट्ट्यावर जाते.

याच घरात, पुढच्या खोलीच्या छपराखालच्या त्रिकोणी भिंतीत, त्यांनी एक न उघडणारी मोठी काच बसवली. नकाशात ती देखणी होती आणि छायाचित्रांत आजही देखणी दिसते. ती जमिनीपासून इतकी उंच आहे की आतून किंवा बाहेरून पुसता येत नाही, तिच्यावर कोळ्यांची जाळी धरतात, आणि चैत्र-वैशाखात सूर्य उतरला की तिच्यातून थेट ऊन सोफ्यावर येते. काच पुसणार कोण, हा प्रश्न त्यांच्याच पद्धतीत पहिला असायला हवा होता. जाऊबाईंनी तो बैठकीत विचारलाही होता, तेव्हा लांब दांड्याच्या ब्रशने काम होईल असे उत्तर मिळाले. ते झाले नाही. ज्या वास्तुविशारदाने आम्हाला कष्टांचा विचार करायला शिकवले, त्याच एका जागी रेखाचित्राच्या मोहात पडाव्यात, याचे मला आजही वाईट वाटते.

स्वयंपाकघर मात्र निर्दोष आहे, आणि त्याचे कारण ते वापरणाऱ्या व्यक्तीच्या मापाने झाले. जाऊबाईंची उंची पाच फुटांच्या आत. सर्वसाधारण ओटा ३३ ते ३४ इंच उंच असतो, त्यांचा ३१ इंच आहे. ओट्याच्या कडेला एक बुटका दगडी कट्टा आहे, त्यावर विळी घेऊन बसता येते, नारळ खवता येतो, फणस कापता येतो, आणि तेलकट हाताने उठताना धरायला भिंतीत लाकडी पट्टी आहे. मासिकांत दिसणारी उघडी फळ्यांची मांडणी बाईंनी आपणहून टाळली, कारण आमच्या हवेत पावसाळ्यात मसाल्यांना आणि लाकडालाही बुरशी येते; त्याऐवजी वारा खेळेल अशा जाळीच्या दारांची फडताळे केली. जुन्या फडताळाची आठवण करून देणारी ती दारे या घरातील सर्वांत सुंदर सुतारकाम आहे, असे माझे मत आहे.

उन्हाळी वाळवणांचा विचार त्यांच्या पहिल्या आराखड्यात नव्हता. सगळे छप्पर उतरते, गच्ची नाही, मग आमसुले, आंबापोळी आणि कुळीथ वाळवायचे कोठे, हे जाऊबाईंनी दाखवून दिल्यावर त्यांनी पुढचे खळे जांभ्याच्या फरशांनी बांधले आणि त्याला नकळत उतार दिला. संध्याकाळी त्याच खळ्यावर सगळे बसतात. ओल्या कपड्यांसाठी मागच्या पडवीत दोन माणसांच्या उंचीचे लाकडी पट्ट्यांचे आवरण केले, त्यातून वारा जातो, रस्त्यावरून काही दिसत नाही, आणि आत पाच दांड्या आहेत. आमच्या शेजारणी घर पाहायला येतात तेव्हा समुद्र दिसणाऱ्या खिडकीपेक्षा या पडवीत जास्त वेळ उभ्या राहतात.

जमिनी लाल कोब्याच्या आहेत. रंग सुरेख, पायाला गारवा. तो घोटणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत, आणि आमच्याकडे एका खोलीत केसासारख्या भेगा गेल्या. न्हाणीघरात खरखरीत कोटा आहे, उंबरठे नाहीत, भिंतीला धरायला दांडे आहेत. सासऱ्यांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत एकही पायरी लागत नाही.

आता देखरेखीविषयी. बाई पुण्यात, काम दापोलीजवळ, आणि मध्ये घाट. करारात त्यांच्या भेटींची संख्या लिहिलेली नव्हती, ‘आवश्यकतेनुसार’ एवढाच शब्द होता. पाया, जोते आणि छपराचा सांगाडा या टप्प्यांवर त्या आल्या. मधल्या काळात ठेकेदाराने मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रांवर काम चालले. छायाचित्रात भिंत ओळंब्यात आहे की नाही ते कळत नाही, आणि न्हाणीघराचा उतार मोरीकडे आहे की दाराकडे हे तर मुळीच कळत नाही. आमच्याकडे तो दाराकडे निघाला आणि फरशी उखडून पुन्हा बसवावी लागली. ठेकेदाराने तो खर्च सोसला, बाईंनी त्यासाठी वेळ दिला, पण कारागीर पुन्हा मिळेपर्यंत काम रखडले ते रखडलेच. गवंड्याला वाचता येतील असे मोठ्या मापाचे तपशील त्यांनी छपरासाठी फार सुंदर काढून दिले होते, न्हाणीघरांसाठी दिले असते तर हे टळले असते.

विजेच्या कामाचा वेगळा नकाशा झालाच नाही. बटणांच्या जागा वीजतंत्र्याने आपल्या सोयीने ठरवल्या, त्यामुळे पलंगाच्या मागे बटणे गेली आणि इन्व्हर्टरला जागा जिन्याखाली शोधावी लागली. आमच्या गावात पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा इन्व्हर्टर ही घराच्या रचनेतलीच गोष्ट समजली पाहिजे. वाळवीच्या बंदोबस्ताकडे मात्र त्यांचे काटेकोर लक्ष होते. पाया भरण्यापूर्वी त्यांनी आयएस ६३१३ या भारतीय मानकाप्रमाणे फवारणी करून घेतली, आणि जुन्या घरातून काढलेले आइनाचे खांब पडवीत वापरताना प्रत्येक खांब दगडी बैठकीवर, जमिनीपासून वर ठेवला.

शुल्क बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर होते आणि टप्प्याटप्प्याने द्यायचे होते. ही पद्धत सर्वत्र चालते, तरी तिच्यात एक अडचण आहे: खर्च वाढला की शुल्कही वाढते, त्यामुळे काटकसरीचा प्रत्येक सल्ला वास्तुविशारदाला आपल्याच खिशातून द्यावा लागतो. आमच्या बाईंनी तसे सल्ले दिले, जुने लाकूड आणि जुने चिरे वापरायला लावले, हे त्यांच्या सचोटीला शोभणारे आहे. तरीही एकूण खर्च मूळ अंदाजाच्या सुमारे पाचव्या भागाने वाढला, आणि त्यातला बराचसा छपराच्या फळ्यांचा व पटलाचा होता, जो अंदाजपत्रकात कमी धरला गेला होता. परवानगीची कागदपत्रे त्यांनी वेळेवर आणि व्यवस्थित केली.

त्यांच्याकडे कोणी जावे, याविषयी माझे मत निश्चित आहे. ज्यांना छायाचित्रात पाहिलेले घर तसेच्या तसे हवे आहे, त्यांनी जाऊ नये. त्या प्रश्न विचारतील, गणित मांडतील आणि वेळ लावतील. ज्यांच्या घरात वृद्ध माणसे आहेत, जे घर गावी बांधून तेथील नातेवाइकांच्या हवाली करणार आहेत, किंवा ज्यांना जुन्या घराचे लाकूड आणि दगड पुन्हा उभे राहिलेले पाहायचे आहे, त्यांना अशा वास्तुविशारदाचा फार उपयोग होईल. मात्र कोणाशीही करार करताना, त्यांची १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी आहे याची खात्री करून घेतल्यानंतर, प्रत्यक्ष भेटींची किमान संख्या आणि त्या कोणत्या टप्प्यांवर होतील हे लिहून घ्यावे. न्हाणीघरांचे व विजेचे स्वतंत्र नकाशे शुल्कात धरलेले आहेत का ते विचारावे. आणि पहिला पावसाळा झाल्यानंतरची एक भेट आवर्जून करारात घालावी. आमच्या करारात ती नव्हती, तरी बाई आल्या, भर श्रावणात आल्या, पडवीत उभ्या राहून कोठे पाणी उडते ते पाहिले, आणि त्रिकोणी भिंतीतली काच काढून तेथे आढ्याखालच्या झरोक्यांसारख्या लाकडी झडपा बसवण्याचा आराखडा कोणतेही शुल्क न घेता करून दिला. ते काम दिवाळीनंतर सुतार मोकळा झाला की सुरू होईल, आणि झडपांची दोरी जाऊबाईंच्या हाताला येईल इतक्या उंचीवर असेल.